पहिल्या पावसाचं काळं पाणी

वणवा म्हटला की आपल्याला होरपळलेली झाडं आठवतात, पाखरांची घरटी आठवतात. मासा आठवत नाही. तो पाण्यात आहे, त्याला आगीचं काय भय, असं आपण धरून चालतो. मला आज माशाचंच सांगायचं आहे.

आपल्या आज्या राखेनं भांडी घासत. कढईचा तेलकट थर सुटायचा, कारण लाकडाच्या राखेत खार असतो. त्याच खारानं आजीच्या बोटांना भेगा पडायच्या. आता माशाचा कल्ला डोळ्यांपुढे आणा. लाल, पातळ पाकळ्या, वर बुळबुळीत आवरण. वणव्यानंतर पाऊस पडला की त्यावरून तेच राखेचं पाणी वाहतं. राखेबरोबर अमोनियाही उतरतो आणि पाण्यात खार जितका जास्त, तितका तो अमोनिया जहरी. आजी हात धुऊन घ्यायची हो. माशानं धुवायला दुसरं पाणी कुठून आणायचं?

२०२२च्या जुलैअखेरीस उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीकाठी मॅकिनी नावाचा वणवा पेटला. चारेक दिवसांतच जळक्या डोंगरांवर मुसळधार पाऊस झाला. राख, माती, ओंडके, सगळं नदीत आलं. खाली साइयाड व्हॅलीपाशी पाण्यातला प्राणवायू रात्री शून्यावर गेला. हजारो मासे मेले. ज्वाळेनं नव्हे, पावसानं. पुन्हा सांगतो, आग लागली तेव्हा नव्हे. वरून पाऊस पडला तेव्हा.

आपल्याकडे तर वेळ फारच वाईट साधली जाते. सह्याद्रीच्या उतारांवर फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात, आणि राख वहाळात उतरते ती मृगाच्या पहिल्या सरींना. नेमके तेव्हाच चढणीचे मासे अंडी घालायला उलटे वर निघालेले असतात! गवत चांगलं फुटेल म्हणून माळाला काडी लावणाऱ्यांवर माझा राग आहे, तो यासाठी. गवत तुम्हाला दिसतं. गाळाखाली गुदमरलेली अंडी दिसत नाहीत.

एवढं मात्र ऐका. तुमच्या गावचा उतार यंदा जळला असेल, तर मृगाआधी ओघळींत दगड-काटक्यांचे आडवे बांध घाला. राख तिथंच बसू दे, डोहापर्यंत जायला नको. आणि पहिल्या सरीनंतर वहाळावर जाऊन पाण्याचा रंग बघून या.