नियमाचें बोट आणि स्वातंत्र्य

प्राचीन ग्रीक संपन्न घरांत मुलाला शाळेंत पोंचविण्यासाठीं एक विश्वासू दास असे. तो मुलाच्या वागणुकीवर नजर ठेवी, प्रसंगीं शिक्षाही करी. परंतु तो गुरु नव्हे. मुलगा वयांत आला कीं त्याचें काम संपे. इ. स. 50 च्या सुमारास आशियामायनरांतील गलती येथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत संत पौलानें मोशेच्या नियमशास्त्राला याच दासाची उपमा दिली आहे.

प्रश्न असा होता : ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या यहुदीतर लोकांनीं सुंता करून घ्यावी काय? भक्ष्याभक्ष्याचे यहुदी नियम पाळावेत काय? कांहीं उपदेशक 'होय' म्हणत. त्यांना केवळ हटवादी म्हणून चालणार नाहीं. ज्या नियमांनीं परक्या राजवटींतही आपला समाज एकत्र राखला, ते सैल होतांना पाहून कोणाचें मन कचरणार नाहीं? पौल स्वतः यहुदी, परूशी पंथांत वाढलेला. त्यालाही हें ठाऊक होतें.

अंत्युखिया नगरांत पेत्र यहुदीतर बांधवांच्या पंगतीस बसत असे. याकोबाकडून कांहीं माणसें आलीं, आणि तो भीतीनें मागें सरला. बर्णबाही त्याच्यामागें गेला. पौलानें पेत्राला सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेदाचें दुःख काय असतें, हें आपणांस निराळें सांगावयास नको.

मग नियम सुटल्यावर स्वैराचार माजणार नाहीं काय? पौलाचें उत्तर असें कीं, स्वातंत्र्य मिळालें आहे तें प्रेमानें एकमेकांची सेवा करण्यासाठीं. करिंथ येथें मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा वाद निघाला, तेव्हां मूर्ति कांहींच नव्हे असें तो मानीत होता. तरीही दुबळ्या मनाच्या बंधूला त्यामुळें ठेंच लागत असेल तर आपण मांस कधींच खाणार नाहीं, असें त्यानें लिहिलें. बाहेरची सक्ती गेली. तिच्या जागीं दुसऱ्याविषयींची काळजी आली. ही अधिक अवघड शिस्त होय.

मीं अनेक वर्षें मास्तरकी केली. एके दिवशीं, कोणी बोलावयाचें नाहीं असें बजावून, मी वर्गाबाहेर गेलों. परत येतों तों एकच गोंगाट! टेबलावर छडी होती, पण मी नव्हतों. एक मुलगा मात्र शेजारच्या मुलाला त्रैराशिकाचें उदाहरण हळूच समजावून देत होता. तोही बोलत होताच. म्हणून इतरांबरोबर मीं त्यालाही छडी मारली. नियम तंतोतंत पाळला गेला याचें त्या दिवशीं मला समाधान वाटलें.

पौलाचें पत्र पुढें वाचनांत आलें तेव्हां तो मुलगा आठवला. सबंध वर्गांत खऱ्या अर्थानें मोकळा असा तो एकटाच होता. आणि मी, त्याचा गुरु म्हणविणारा, केवळ शाळेच्या दारापर्यंत पोंचविणारा दास ठरलों होतों.