पुण्याची फेरी आणि गोधडीची मजुरी

जेवणं उरकली असतील, भांडी तशीच पडली असतील तर पडू द्या. घटकाभर माझ्याजवळ बसा. आज आमच्या गटाच्या पुण्याच्या सहलीचं सांगायचंय.

आधीच कबूल करते, या सहलीला सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. गटाची वही माझ्याकडं असते. व्याजाचे चार पैसे साठले की त्यातून शिलाईचं दुसरं मशीन घ्यायचं, असं माझ्या मनात होतं. बैठकीत धाकट्या जावेनं विषय काढला, की पोरांना सुट्टी आहे, एक दिवस पुणं बघून येऊ. मी म्हटलं, पुण्यात काय बघायचंय, गर्दीच ना? त्यावर आमची आक्का म्हणाली, "अगं, साठ वर्सं झाली मला. पुण्याला दोनदा गेले, दोन्ही वेळंला दवाखान्यात." त्यावर मी काय बोलणार? शेवटी ठरलं, की तिकीट ज्याचं त्यानं काढायचं आणि गटातून फक्त रिक्षा, मेट्रो न् चहाचा खर्च. अकरा बायका आणि चार पोरं, अशी आमची वरात निघाली.

खर्च वाटतो तेवढा येत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तर वर्षांवरच्या म्हातारीला तर फुकट. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. फलटणहून पहाटेची गाडी धरली की लोणंद, जेजुरी, सासवड करत सकाळी स्वारगेटला उतरता येतं. भाकरी बांधून न्या. हॉटेलात अकरा जणींचा खर्च निघाला असता तर माझा जीव गेला असता.

स्वारगेटला आता जमिनीखालून मेट्रो आहे. पुढचं स्टेशन मंडई, त्याच्या पुढचं कसबा पेठ. पोरांना तर निम्मी सहल तिथंच घडली. सरकत्या जिन्यापाशी मात्र आमची रांग अडली. आक्का पाऊल टाकायची आणि मागं घ्यायची. शेवटी एका कॉलेजच्या पोरीनं तिचा हात धरून वर नेली. बायकांना प्रवासात खरी अडचण कशाची असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. तर मेट्रोच्या स्टेशनात स्वच्छतागृह असतं, तिथंच उरकून घ्या. पेठांत हिंडताना पुन्हा शोधत बसावं लागतं.

कसब्यात उतरून आम्ही शनिवारवाडा बघितला. तो १७३२ सालचा. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले, आता तट, दरवाजे आणि जोती उरलीत. पोरं तटावर पळाली, आम्ही सावलीत भाकरी खाल्ली. तिथं याहून जास्त वेळ घालवू नका, असं माझं मत.

वेळ द्यायचा तो तांबट आळीला. कसबा पेठेतच आहे, कुणीही दाखवतं. आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. पेशव्यांच्या काळापासून इथं तांब्याची भांडी घडतात. घागरी, हंडे, पाणी तापवायचे बंब. भांड्यावर ते जे गोल गोल चकाकते ठोके असतात ना, त्या कामाला माठारकाम म्हणतात. मला वाटायचं ती नुसती नक्षी. एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं, की ठोकून ठोकून पत्रा घट्ट होतो, भांडं पोचत नाही. त्यांनी आक्काच्या हातात हातोडी दिली. म्हणाले, "मारा आजी, एक ठोका." आक्कानं मारला. तो भलतीकडंच पडला, आणि बाकीच्या सुबक रांगेत तिचा तेवढा एक वाकडा ठोका दिसायला लागला. आक्का लाजली. बाबा हसून म्हणाले, "राहू द्या. माझे पण पहिली दोन वर्षं असेच पडायचे."

मी एका तांब्याचा भाव विचारला. त्यांनी तांब्या काट्यावर ठेवला, वजन सांगितलं आणि दोन आकडे वेगवेगळे बोलले. धातूचे इतके आणि मजुरी इतकी. सवयीनं मी घासाघीस सुरू केली. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तांब्याचा भाव बाजाराचा, तो माझ्या हातात नाही. मजुरी माझी आहे. ती कमी करा म्हणताय, म्हणजे माझा दिवस कमी करा म्हणताय."

मी तांब्या घेतला. (तांब्याच्या भांड्यात ताक, लोणचं, चिंचेचं काही ठेवू नका, कळकतं. पाण्यासाठी चांगलं.) पण ते दोन आकडे डोक्यातून जाईनात.

तिथून रिक्षानं शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. केळकर हे कवी, दुकानदार माणूस. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे उभं राहिलं. वीस हजारांवर वस्तू त्यांनी जन्मभर गावोगाव फिरून गोळा केल्या आणि पुढं त्या सरकारला दिल्या. आणि वस्तू कसल्या? तर आपल्याच घरातल्या. समया, अडकित्ते, टाचा घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे, किसण्या, भातुकली. काचेच्या आत दिवे लावून मांडलेलं. आमच्या सासूबाईंनी असलाच एक पितळी अडकित्ता भंगारवाल्याला मोडीच्या भावानं दिला होता, तो मला तिथं आठवला. घोड्याच्या आकाराचा होता. मी काही बोलले नाही. जावेनं माझ्याकडं बघितलं, तिलाही आठवला असणार.

मंडई आणि तुळशीबाग अगदी जवळजवळ आहेत. मंडईची दगडी इमारत १८८६ ची. एक गंमत सांगते. जोतिराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, तेव्हा या बांधकामावर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. तुळशीबाग म्हणजे राममंदिर, आणि भोवती बाजार. बांगड्या, देवाची भांडी, पितळेची इवली भातुकली. इथं पोरांचे हात घट्ट धरा. आमचा एक पोरगा दहा मिनिटं दिसेना. ती दहा मिनिटं मी सांगत नाही. तो भातुकलीच्या दुकानापुढं एवढुसा स्टो बघत उभा होता. तुम्ही आधीच ठरवून ठेवा, चुकामूक झाली तर सगळ्यांनी देवळाच्या दारात यायचं. आणि पोरांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी घाला.

बुरूड आळीत मी एक सूप घेतलं. विणणारी बाई माझ्याच वयाची, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. भाव सांगितला तसा मी दिला. जाऊ बघतच राहिली. "वहिनी, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

शेवटी गंज पेठेत फुले वाडा. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. लग्न होऊन नऊ वर्षांची पोर पुण्यात आली. वाड्यातला हौद जोतिरावांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. तो बघितला, तुळशीवृंदावनापाशी बसलो. पोरं दमली होती, कुणी दंगा केला नाही. सारसबाग राहिली, कात्रजचं प्राणिसंग्रहालयही राहिलं. कात्रजला जायचं तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं.

परतीच्या गाडीत मी वही काढली. आमचा गट गोधड्या शिवतो. व्यापारी येतो, गोधडी हातात तोलतो आणि म्हणतो, "जुनी लुगडी तर आहेत, याचे कसले पैसे?" आम्हालाही ते खरंच वाटायचं. कापड घरचं, मग मागायचं कशाचं? पण तांब्यात निदान धातूचा भाव तरी असतो. गोधडीत जवळजवळ सगळी मजुरीच. मी बायकांना विचारलं, एका गोधडीला किती दिवस? कुणाला सांगता येईना. कुणी म्हणे आठ, कुणी म्हणे पंधरा. रोज दुपारी दोन-दोन तास, दोघी जणी, असं करत जेजुरी येईपर्यंत आम्ही तास मोजले. मग भांगलणीच्या रोजानं गुणले. आकडा आला तशी आक्का म्हणाली, "परत मोज." परत मोजला, तोच आला. व्यापारी देत होता त्याच्या तिपटीच्या वर.

पुढच्या खेपेला त्याला आम्ही नवा भाव सांगितला. तो हसला, गोधडी खाली ठेवली आणि गेला. त्याला आता दोन महिने झाले. सात गोधड्या माझ्या पेटीत पडून आहेत, आणि दोघी जणी बैठकीत माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांनाही पैशाची गरज आहे, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. तिथं बचत गटांना माल मांडायला मिळतो. पंचायत समितीत उमेदच्या कक्षात जाऊन चौकशी करून आलेय, अर्ज भरायचाय. अर्जात एक रकाना आहे, वस्तूची किंमत. तो आक्कानं स्वतः बसून भरून घेतला.