खिडक्यांवरची नावे

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाच्या सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ‘अमेरिकेत मुलीकडे जाऊन आलात, डिस्नेलँडवर पाच मिनिटं बोला.’ तिथल्या पाळण्यांबद्दल मी बोलणार नाही, ते नातवंडांचं खातं. आपल्या वयाच्या माणसाला रांगेत उभं राहून आणि बाकावर बसून जे दिसतं, तेवढंच सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी हे उद्यान सुरू झालं. आत शिरल्यावर ‘मेन स्ट्रीट’ नावाचा जुन्या वळणाचा रस्ता लागतो. तिथल्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम लहान ठेवले आहेत, म्हणून त्या आहेत त्याहून उंच भासतात. समोरचा राजवाडा जेमतेम ७७ फूट, म्हणजे आपल्या ‘बी’ विंगएवढा. पण त्याचे दगड खाली मोठे आणि वर लहान लहान होत जातात, त्यामुळे तो पार आभाळाला टेकल्यासारखा दिसतो.

दुसरी गंमत तिथल्या एका रेल्वे स्टेशनात. तारयंत्राची कट्-कट् सारखी चालू असते. आपल्याला वाटतं, उगीच आवाज ठेवलाय. पण उद्घाटनाच्या दिवशी वॉल्ट डिस्ने जे बोलले, त्याच्याच ओळी जुन्या अमेरिकन तारेच्या लिपीत तिथे वाजत असतात. आपल्याकडे २०१३ साली तार बंद झाली. तिथेही ती लिपी कळणारे आता किती असतील? तरी मजकूर बरोबर ठेवलाय.

मला सगळ्यात आवडल्या त्या मेन स्ट्रीटवरच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या. काचांवर जाहिरातींसारखी अक्षरं रंगवलेली आहेत, अमुक कंत्राटदार, तमुक कंपनी. लोक सरळ पुढे जातात. मी बँकेतला माणूस, कागदावर आधी सह्या बघायची सवय. म्हणून थांबून वाचलं. धंदे खोटे, पण नावं खरी! उद्यान उभारणारे आणि चालवणारे चित्रकार, इंजिनिअर, व्यवस्थापक यांची ती नावं. एका खिडकीवर ‘इलायस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना १८९५’ असं आहे. ते वॉल्ट यांचे वडील. बंबखान्याच्या वर वॉल्ट यांची स्वतःची छोटी जागा होती. ते १९६६ मध्ये गेले, पण तिथल्या खिडकीत अजून दिवा लावलेला असतो.

आता आपल्याकडे या. आपल्या गेटवर कोनशिला आहे. तिच्यावर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं नाव आहे. ते पुन्हा काही इकडे फिरकले नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण २००५ च्या २६ जुलैला रात्रभर टॉर्च घेऊन एकेका म्हाताऱ्याला वरच्या मजल्यावर पोचवणाऱ्या वॉचमनचं पूर्ण नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा बघू. (सभागृहात तीन हात वर.) कन्व्हेयन्ससाठी रजिस्ट्रार कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घालणारे पहिले सेक्रेटरी, पंधरा वर्षं जिने झाडणाऱ्या मावशी, मध्यरात्री पंप सुरू करून देणारा प्लंबर... यांची नावं कुठे आहेत?

कोणी म्हणेल, ‘पगार घेऊन काम केलं, नाव कशाला?’ अहो, त्या खिडक्यांवरच्या मंडळींनीही पगार घेतलाच होता की!

तेव्हा माझी सूचना अशी: लेटरबॉक्सच्या वरची भिंत रिकामी आहे, तिथे या लोकांच्या नावांचा एक साधा फलक लावावा. पदाधिकारी आणि नोकर असे दोन रकाने नकोत, सगळी नावं अकारविल्हे. मात्र घाई करायला हवी. त्या तीन हातांपैकी दोन ऐंशीच्या पुढचे आहेत. ते आहेत तोवर नावं लिहून घेऊ.

सूचक मी. अनुमोदक कोण?