मुळांनी शोषले, पुढे काय?

मक्याच्या शेतात ॲट्राझिन फवारले असता रुंद पानांचे तण पिवळे पडून करपते आणि मका मात्र हिरवागार उभा राहतो, हे शेतकरी श्रोत्यांना सांगावे लागत नाही. परंतु मका वाचतो तो औषध त्याच्या अंगात शिरत नाही म्हणून नव्हे, तर शिरलेले औषध तो वेळेवर निकामी करतो म्हणून, याकडे सहसा लक्ष जात नाही. मक्याच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचे, तीन अमिनो आम्लांचे बनलेले एक लहान संयुग असते, आणि एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हे संयुग ॲट्राझिनच्या रेणूवरील क्लोरीन काढून त्याच्या जागी जोडते. अशी जोड झाल्यावर तो रेणू प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत अडकू शकत नाही, आणि जे तणाला मारते ते मक्याला बाधत नाही. वनस्पती विषाचे काय करतात, हा विषय प्रयोगशाळेचा वाटतो, पण तो प्रत्येक मक्याच्या ताटात रोज घडत असतो.

झाडे हवेतील, पाण्यातील आणि मातीतील विष शोषून घेतात, हे वाक्य शाळेच्या निबंधापासून वृक्षारोपणाच्या फलकापर्यंत सर्वत्र आढळते. ते खोटे नाही, अपुरे आहे, कारण शोषलेल्या विषाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. या भाषणासाठी मिळालेल्या थोड्या मिनिटांत वनस्पतींविषयी इतरही पुष्कळ सांगण्यासारखे आहे. तरीही हा एकच प्रश्न येथे पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे, कारण तो विचारायचा राहिला की बाकीचे सारे ज्ञान वाट चुकते.

प्राण्याच्या शरीरात यकृत विषारी द्रव्याचे रूप पालटते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. वनस्पतीला मूत्रपिंड नाही. तिची स्थिती मागचे दार नसलेल्या आणि कचऱ्याची गाडी कधीच न येणाऱ्या घरासारखी असते. अशा घरातील गृहिणीला नको असलेली वस्तू आधी मोडावी लागते, मग तिचे गाठोडे बांधावे लागते आणि शेवटी ते माळ्यावर टाकावे लागते. वनस्पतीची पेशी याच क्रमाने काम करते. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे बहुधा परक्या रेणूवर ऑक्सिजनचा अणू बसवतात, ज्यामुळे त्याला धरायला जागा होते; दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूला साखर किंवा वर उल्लेखिलेले ग्लुटाथायोन जोडले जाते; तिसऱ्या टप्प्यात हे गाठोडे रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पिशवीत, ढकलले जाते, नाहीतर लाकडाला कठीणपणा देणाऱ्या लिग्निनबरोबर पेशीभित्तिकेत चिणले जाते. यकृताशी असलेल्या या साम्यामुळे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश झांडरमान यांनी ‘हिरवे यकृत’ ही कल्पना मांडली. ती सार्थ आहे, परंतु तिच्यामुळे माळा विसरला जाऊ नये. माळ्यावरचे गाठोडे प्रत्येक वेळी बांधलेलेच राहते असे नाही: फ्युझेरियम बुरशीने गव्हात सोडलेल्या एका विषाला गहू साखर जोडून शांत करतो, आणि तोच गहू पोटात गेल्यावर आतड्यातील जंतू ती साखर सोडवून मूळ विष पुन्हा मोकळे करू शकतात.

जड धातूंच्या बाबतीत तर पहिला टप्पाच शक्य नाही. शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत, आणि मूलद्रव्य कोणत्याही विकराने मोडत नाही. जुने लुगडे फाडून त्याच्या चिंध्या करता येतात, पितळेच्या घंगाळाच्या करता येत नाहीत. ते माळ्यावर गेले तरी घंगाळच राहते. फ्लोरिडातील संशोधकांनी २००१ मध्ये टेरिस व्हिटाटा हा नेचा मातीतील आर्सेनिक ओढून आपल्या पर्णांत मोठ्या प्रमाणात साठवतो, असे दाखवले. हा शोध मोलाचा आहे, पण तो नेचा आर्सेनिक नाहीसे करत नाही. ती पर्णे कापून सुरक्षित ठिकाणी नेली नाहीत, तर ती गळून कुजतात आणि खोलवर असलेले विष उलट जमिनीच्या पृष्ठभागावर येते. जलपर्णीचेही तसेच आहे. ती नदीतील धातू शोषते म्हणून तिचे कौतुक करायचे आणि यंत्राने बाहेर काढल्यावर त्याच काठावर तिचे ढीग कुजत ठेवायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. मुंबईत रेल्वेमार्गालगत नाल्याच्या पाण्यावर पालक आणि माठ वाढवला जात आला आहे. त्या पाण्यात कॅडमियम असेल तर पालक ते आपल्या पानांत ठेवतो, आणि त्या पानांचा पुढचा मुक्काम कोणाच्या तरी ताटात असतो. म्हणून पुन्हा तोच प्रश्न: झाडाने शोषले, पुढे काय?

विष खरोखर मोडले जाते याचा चांगला पुरावा पॉप्लर या झाडाने दिला आहे. ट्रायक्लोरोएथिलीन हे धातूच्या सुट्या भागांवरील ग्रीस काढणारे द्रावक पाण्यापेक्षा जड असल्याने जमिनीत झिरपत खाली जाते, भूजलात उतरते आणि तेथून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाण्यात मिसळत राहते. संकरित पॉप्लरची मुळे खोल जातात आणि पानांवाटे होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे ती भूजल पंपासारखी वर खेचतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हे झाड या द्रावकाचे काय करते ते प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या कामातील खरी मेख अशी की त्यांनी पॉप्लरच्या पेशी निर्जंतुक द्रावणात वेगळ्या वाढवूनही पाहिल्या, म्हणजे श्रेय मातीतील जंतूंकडे जाण्याची शक्यताच उरू नये. त्या पेशींत ट्रायक्लोरोइथेनॉल आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल हे मधले तुकडे सापडले आणि काही भाग कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचलेला दिसला. शोषलेले द्रावक मुळात नाही, पानात नाही, एवढ्यावर ‘मोडले’ असे म्हणता येत नाही, कारण ते पानांतून वाफेच्या रूपाने हवेतही गेलेले असू शकते. तुकडे हाती लागले तरच मोडले असे म्हणता येते. ‘अमुक झाड प्रदूषण नष्ट करते’ असे वाचनात आल्यावर श्रोत्यांनी तुकडे सापडले का, एवढे जरूर विचारावे.

पॉप्लरचे हे काम संथ चालते. त्याच वॉशिंग्टन विद्यापीठातील शॅरन डॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सशाच्या यकृतातील सायटोक्रोम पी-४५० २ई१ या विकराचे जनुक पॉप्लरमध्ये घातले, तेव्हा प्रयोगशाळेतील लहान रोपांनी द्रावणातील ट्रायक्लोरोएथिलीनपैकी ९१ टक्क्यांपर्यंत भाग काढून टाकला, तर जनुक नसलेल्या रोपांना ३ टक्केही जमले नाही. तेच जनुक त्याच विद्यापीठात पुढे मनी प्लांटमध्ये घालण्यात आले, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बंद नळीतील क्लोरोफॉर्म तीन दिवसांत ८२ टक्क्यांनी घटले. त्या प्रयोगात साध्या, म्हणजे घरोघरी बाटलीत लावलेल्या, मनी प्लांटमुळे क्लोरोफॉर्म कमी झालेच नाही. हवा शुद्ध करणारी रोपे म्हणून जी विक्री चालते, तिला आधार नासाने १९८९ मध्ये केलेल्या बंद पेटीतील प्रयोगांचा आहे. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा इमारतीत हवा खेळती राहून जेवढी विषारी वाफ निघून जाते, तेवढी काढायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील, असे निघाले. रोपे अवश्य लावावीत, त्यांच्याकडे पाहून मन प्रसन्न होते; परंतु घरात नव्या रंगाचा वास येत असेल आणि लहान मूल असेल, तर त्या रोपांवर विसंबून खिडक्या बंद ठेवू नयेत, ही कळकळीची विनंती आहे.

प्रत्येक सेंद्रिय विष झाडात शिरते असेही नाही. मुळाच्या आवरणातून पार होण्यासाठी रेणू फार तेलकट चालत नाही आणि फार पाणीदारही चालत नाही. डीडीटीसारखे अतिशय तेलकट रेणू बहुधा मातीला आणि मुळाच्या सालीलाच चिकटून राहतात. अशा विषांबाबत मुळांच्या आसपासचे जंतू कामाला येतात, आणि त्यांच्याविषयी खरे तर स्वतंत्र भाषण हवे. तुतीची बारीक मुळे मरतात तेव्हा त्यांतून फिनॉल वर्गातील द्रव्ये बाहेर पडतात, ती खाऊन वाढणारे काही जंतू त्याच विकरांनी पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिलसारखे चिवट रेणूही मोडतात, म्हणजे झाड स्वतः काही न मोडता मोडणाऱ्यांना पोसते; पण वेळ संपत आल्याने हा धागा येथेच सोडावा लागत आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीचा उल्लेख मात्र राहून जाता कामा नये. तिच्यात सांडपाणी खडीच्या थरातून वाहते आणि त्या खडीत कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती लावलेल्या असतात. घाणीचे विघटन प्रामुख्याने खडीवरचे आणि मुळांवरचे जंतू करतात, तर वनस्पती मुळांपर्यंत ऑक्सिजन पोचवतात आणि नायट्रोजन, फॉस्फरस स्वतःच्या वाढीसाठी घेतात. हे नायट्रोजन-फॉस्फरस पानांत आणि दांड्यांत साठते, म्हणून ज्या सोसायटीने किंवा संस्थेने असा वाफा बांधला असेल तिने कर्दळ वाळून त्याच खडीत पडण्याआधी ती कापून उचलण्याचे काम कोणाकडे आहे, हे वाफा बांधतानाच ठरवून घ्यावे.