जुन्या मोटारीच्या दारांचीं अस्तरें

मोटारगाडीविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आपलें लक्ष साहजिकच इंजिनाकडे जातें. आज मात्र मी गाडीच्या अशा एका भागाविषयीं सांगणार आहें, कीं ज्याची आठवण तो कुजून हातांत येईपर्यंत कोणासही होत नाहीं. दाराच्या पत्र्यावर आंतल्या बाजूनें रेक्झिननें मढविलेली जी पातळ फळी असते, तीच ही. गॅरेजांत तिला नुसतें 'पॅड' म्हणतात. मीही तोच शब्द वापरीन.

हा उद्योग मीं हौसेनें आरंभिला नाहीं. माझे वडील उमरग्यास डॉक्टर होते आणि त्यांची पांढरी प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे चार वाजण्याच्या सुमारास जो भूकंप झाला, त्यानें लातूर जिल्ह्यांत किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यांत सास्तूर व भोंवतालचीं गांवें जमीनदोस्त केलीं. सुमारें दहा हजार माणसें त्यांत गेलीं. त्या दिवशीं व पुढले दोन दिवस ही गाडी सास्तुराहून उमरग्यास आणि सोलापुरास जखमी माणसें नेत होती. मागल्या उजव्या दाराच्या पॅडावर त्या दिवसांचा एक तपकिरी डाग आहे. वडिलांनीं तो हयातभर धुऊं दिला नाहीं, आणि कारणही कधीं सांगितलें नाहीं.

गतवर्षींच्या पावसाळ्यांत तेंच पॅड खालून फुगलें व त्याचे पापुद्रे सुटूं लागले. गाडी भंगारांत द्यावी, असें माझ्या मुलाचें मत पडलें. आई म्हणाली, "गाडीचं काय करायचं तें तुम्ही ठरवा, पण तें पॅड कुणी टाकायचं नाहीं." कुजलेलें पॅड तसेंच ठेवावें तर दाराचा पत्रा गंजतो, आणि नवें बसवावें तर जुनें उतरवावें लागतें, असा हा पेंच होता.

तयार पॅड बाजारांत मिळेल ही आशा फार दिवस टिकली नाहीं. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी होत असे. आधीं फियाट या नांवानें, पुढें पद्मिनी या नांवानें. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. तिच्या सुट्या भागांचा व्यापार मुख्यतः त्या टॅक्सींच्या जोरावर चालत होता. मीं मुंबईच्या तीन दुकानदारांस विचारलें. त्यांपैकीं दोघे हंसले.

तेव्हां स्वतःच पॅड करावयाचें ठरविलें. मूळचें पॅड हार्डबोर्डाचें होतें. विल्यम मेसन या अमेरिकन गृहस्थानें १९२४ सालीं लांकडाचे तुकडे वाफेच्या दाबानें फोडून त्यांच्या तंतूंपासून हा पुठ्ठ्यासारखा तक्ता तयार करण्याची रीत शोधिली. तो स्वस्त, गुळगुळीत व सहज वांकणारा. पण पाण्याशीं त्याचें वैर. मीं मूळ वस्तूशीं इमान राखावें म्हणून हार्डबोर्डच घेतला, जूनच्या आरंभीं पॅड बसविलें, आणि मृगाच्या सरींतच तें खालून फुगलें! दोष हार्डबोर्डाचा असें मीं ठरवून टाकिलें होतें. धाराशिवच्या एका वृद्ध कुशनवाल्या मिस्त्रींनीं पॅड उलटेंपालटें करून पाहिलें व म्हणाले, "मालक, पॅड बदलून काय व्हतंय? पाणी कुठून येतंय तें बघा आधी."

आतां ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पावसाचें पाणी कांचेच्या फटींतून दाराच्या पोटांत शिरतेंच. तें शिरूं नये अशी दाराची रचनाच नाहीं. तें तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावें अशी योजना असते, आणि पत्रा व पॅड यांच्यामध्यें प्लास्टिकचा पडदा चिकटविलेला असतो. आमच्या दाराचीं छिद्रें चिखलानें बुजलेलीं होतीं, आणि पडदा पूर्वीं केव्हां तरी कोणी फाडून टाकिला होता. मीं तो नव्यानें लावण्याचा विचारही केला नव्हता. तारेनें छिद्रें मोकळीं करतांच कपभर तांबडें पाणी खालीं आलें.

पडद्याकरितां प्रथम शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा घेतला. तो फारच ताठ निघाला. शेवटीं कलिंगडाच्या शेतांतील मल्चिंग पेपर दुहेरी करून वापरला. त्याची खालची कड मात्र दाराच्या पोटांत सोडावी लागते, म्हणजे ओघळ आंतल्या आंत परततो. ती बाहेर राहिली तर सारा खटाटोप व्यर्थ.

दुसरें पॅड तीन मिलिमीटर जाडीच्या जलरोधक प्लायवुडाचें केलें. फुगलेल्या जुन्या पॅडावरून माप घेऊं नये. त्याच्या कडा खोटें बोलतात. आम्हीं जाड पुठ्ठ्याचा फर्मा दारावर धरून क्लिपांचीं व हँडलाचीं छिद्रें पेन्सिलीनें उतरविलीं. डाव्या दाराचा फर्मा उलटा केला कीं उजव्याचा होतो, हें सांगावयास सोपें. तरी मीं एकदां दोन्ही डावींच कापलीं. कापल्यावर कडांना आणि प्रत्येक छिद्राच्या आंत ऑइलपेंट दिला. पाणी शिरतें तें तेथूनच.

रेक्झिन हें मूळचें इंग्लंडांतील एका व्यापारी मालाचें नांव. तें कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन करीत. आज मिळतें त्यावर पीव्हीसीचा लेप असतो, नांव तेवढें उरलें. मूळ पॅडावरील रेघा यंत्राच्या उष्णतेनें उमटविलेल्या असतात. तें हातानें साधत नाहीं. मिस्त्रींनीं पातळ फोम घालून त्या जागीं शिलाई मारली. फोम जाड घेण्याचा मोह टाळावा, नाहीं तर कांच फिरविण्याचें हँडल पॅडास घासतें. चिकटविण्याचें काम सकाळीं उरकावें. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हांत सोल्यूशन ब्रशावरच वाळतें. तें फळीस व रेक्झिनाच्या पाठीस, असें दोहोंकडे लावून, बोटाला चिकटेनासें झाल्यावर मगच दाबावें. गोलाईपाशीं कडेस लहान लहान चिरे द्यावे, म्हणजे चुण्या पडत नाहींत.

पॅड बसल्यावर मुलानें कांचेवर दोन बादल्या पाणी ओतलें. तें दाराच्या तळांतून निघून गेलें. पॅड कोरडें राहिलें. भंगाराचा विषय त्यानें त्यानंतर काढलेला नाहीं. जुनें पॅड आईनें उन्हांत वाळविलें, जुन्या धोतरांत गुंडाळलें आणि वडिलांच्या औषधांच्या कपाटावर ठेवलें. डाग जसाच्या तसा आहे.

पुढल्या डाव्या दाराचें काम अद्याप राहिलें आहे. मिस्त्री दिवाळीनंतर येतों म्हणाले आहेत.