पत्र्याचा खिळा कुठे ठोकावा?
मिरगाच्या आधी कोकणात घरोघरी छपराच्या डागडुजीची धांदल उडते. पत्रा आपण पारखून घेतो, पण गळतं ते बहुधा खिळ्याच्या भोकातून. पन्हाळी पत्र्याला खिळा उंचवट्यावरच ठोकावा, खळग्यात कधीच नाही. पाणी वाहतं ते खळग्यातूनच. खिळा जस्ताचा मुलामा दिलेला घ्या आणि त्याच्या रुंद टोपीखाली रबरी वायसर हवाच. वायसर नीट दाबला गेला की थांबा. एक घाव जास्त बसला तर पत्रा चेपतो आणि तिथेच पाणी साचतं. जुना वायसर बोटाने चुरून पाहा. भुगा झाला, तर लगेच बदला. नवे पत्रे घालताना सुरुवात पूर्वेकडून करा, म्हणजे जोडाचं तोंड पश्चिमेच्या झडीकडे येत नाही. वरखालचा जोड निदान १५ सेंटिमीटर ठेवा.