दाराशी आलेला माणूस आणि घरातला कुत्रा



कामगार चळवळीतल्या माणसाने गोदाघाटावर उभे राहून कुत्र्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जसे कामगार आहेत, तसे आपल्या दारावरची घंटा वाजवणारेही कामगारच आहेत. पोस्टमन, गॅसची टाकी आणणारा, मीटर पाहणारा, पार्सल पोचवणारा. या साऱ्यांची कामाची जागा म्हणजे आपला उंबरठा. तेव्हा उंबरठ्यावरची सुरक्षितता हा आमच्या कक्षेतलाच प्रश्न होय.

दार उघडते, कुत्रा झेपावतो आणि यजमान आतून म्हणतात, "घाबरू नका, तो काही करत नाही!" हे खरेही असेल. पण ते यजमानांना ठाऊक. दारातल्या माणसाला कसे कळावे? आनंदाने उडी मारणारा आणि चावायला धावणारा कुत्रा पहिल्या क्षणी त्याला सारखाच दिसतो. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात जेवणाचे पार्सल द्यायला गेलेला एक तरुण, अंगावर आलेल्या जर्मन शेफर्डपासून पळताना तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि मरण पावला. प्राण गेला तो चाव्याने नव्हे, पडल्याने. भीती अशी जीवघेणी असते.

आता कुत्रा उडी का मारतो? लांडग्याची पिले शिकारीहून परतलेल्या वडीलधाऱ्यांचे तोंड चाटून घास मागतात. कुत्र्याच्या पिलांतही ही खोड उतरली आहे. माणसाचे तोंड उंचावर, म्हणून उडी. म्हणजे मुळात तो त्याचा नमस्कारच. दोन महिन्यांचे पिलू उडी मारते तेव्हा सारे घर त्याला उचलून घेते. तेच पिलू तीस किलोचे झाले की त्याच उडीवर ओरडा बसतो. सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाला कामगारांस आधी नोटीस द्यावी लागते. कुत्र्याला ती कोणी दिली?

शिवाय ओरडणे आणि ढकलणे यांनाही कुत्रा खेळच समजतो. त्याला हवे असते आपले लक्ष, आणि ते मिळते. म्हणून उपाय उलट दिशेने करावा. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच बोलावे, थोपटावे, खाऊ द्यावा, तोही खाली, जमिनीलगत. उडी मारली की न बोलता पाठ फिरवावी. मग "बस" म्हटल्यावर बसायला शिकवावे. बसलेला कुत्रा त्याच वेळी उडी मारू शकत नाही. हे जमले की घरच्याच माणसाने बाहेर जाऊन घंटा वाजवावी. कुत्रा पट्ट्याने धरलेला असावा. तो बसला तरच दार उघडावे, उठला तर पुन्हा लोटावे. असे दिवसातून थोडा थोडा वेळ, रोज. पुढे ओळखीच्या मंडळींना हेल्मेट घालून, पाठीला मोठी पिशवी अडकवून यायला सांगावे.

यात एकजूट हवी. संपात एक फितूर निघाला की काय होते, हे आम्ही पाहिले आहे. घरातल्या चौघांनी पाठ फिरवायची आणि काकांनी "असू दे रे" म्हणत उडीचे लाड करायचे, तर शिकवण फुकट. स्किनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. मटका खेळणारा माणूस त्यामुळेच सुटत नाही!

मारू मात्र नये. छातीत गुडघा मारण्याचा जुना सल्ला कुत्र्याला एवढेच शिकवतो की पाहुणा आला म्हणजे दुखते. गुरगुरणारा, दात दाखवणारा कुत्रा ही बाब निराळी. तेथे पशुवैद्याचाच सल्ला घ्यावा.

आणि शिक्षण पुरे होईपर्यंत? खराखुरा पार्सलवाला आला तर आधी कुत्रा दुसऱ्या खोलीत, मग दार. तो माणूस आपल्या सरावाचे साधन नव्हे. पाहुण्याला कुत्रा आवडला नाही तर तो पुन्हा येणार नाही. याला पोटासाठी उद्याही यावेच लागते. भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाप्रमाणे, पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण उंबरठ्यावरची माणुसकी कलमाच्या धाकाने यावी, असे आम्हांस वाटत नाही.

नामदेवरायांची कथा आपण जाणता. कुत्र्याने पोळी पळवली, तर ती कोरडी लागेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मुक्या जिवावर अशी माया करणाऱ्या या भूमीत घंटा वाजवणाऱ्या बोलत्या माणसाचीही तेवढीच काळजी वाहिली जावी, एवढीच आमची मागणी आहे. ती मान्य करण्यास कोणत्याही वाटाघाटींची जरुरी नाही; उद्या सकाळी घरच्यांपैकी एकाने बाहेर जाऊन घंटा वाजवावी, म्हणजे झाले.